तिच्या ताटातल्या भाकरी

माझ्या गुडघ्याचं विचारता, तर ही निजामाच्या काळातली गोष्ट हाय. हिंगोलीत हाडं बसवणारे एक हकीमसाब होते. त्यांच्या ओट्यावर आमी सात जण बसलेलो, सगळे गुडघ्यानं बेजार अन् सगळेच अंगानं जाडजूड. हकीमसाब ज्याला त्याला एकच सांगायचे, "तेल मागून लावू, आधी वजन उतरव."

माझी पाळी आली.

"भाकरी किती खातो?"

"चार."

"घरवालीला सांग, दोनच वाढ."

"ती वारली, साल झालं. मीच थापतो."

"मग एकट्याला चार काहून?"

"माझ्या दोनच. पण रोज आधी तिचं ताट वाढतो. ती तर जेवत न्हाई, अन् अन्न टाकवत न्हाई."

हकीमसाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणले, "तिचं ताट रोज वाढ. तुझं वाढू नको."