‘माझ्यापुरतं’ नावाचा गट

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, डॉक्टर मंडळी, परिचारिका भगिनी, कार्यालयातील सहकारी, आणि मागच्या रांगेतून मला मनगटावरचं घड्याळ दाखवणाऱ्या आमच्या सौ.,

माझ्याबद्दल इतकं गोड बोललं गेलं की आता थोडं कडू बोलायला हरकत नसावी. आज नाही बोललो तर कधी बोलणार?

मी मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. संगणक शिकलो तो उघडून आणि बिघडवून. या रुग्णालयातले संगणक वाढले तेव्हा मी ग्रुप पॉलिसी मांडली. म्हणजे काय? एकेका यंत्राच्या कानात जाऊन सांगत बसायचं नाही. वॉर्डांचा एक गट, प्रयोगशाळेचा एक, कार्यालयाचा एक. सगळ्यांना लागू ते नियम वर, ज्याच्या त्याच्या कामाचे खाली. नियमाचं नावही असं की वाचताच कळावं: ‘उठून गेल्यास पडदा बंद’. स्वयंपाकघरातली मांडणी असावी ना तशी. दिवे गेले तरी हात बरोबर वाटीवर पडावा.

आणि मग तुम्ही एकेक जण माझ्याकडे येऊ लागलात.

“काका, नियम उत्तमच आहे. फक्त माझ्यापुरता काढा.”

कोणाला सारखा पासवर्ड टाकायचा कंटाळा. कोणाला पडद्यावर नातवाचा फोटो हवा. हिशेबाच्या बाई म्हणाल्या, “त्यांना दिलंत, मग मी काय सावत्र आहे?” माझ्या नाकी नऊ आले. शेवटी अध्यक्ष महोदयांनी तोडगा काढला: सवलतवाल्यांचा वेगळा गट करा. केला. नाव ठेवलं ‘माझ्यापुरतं’. मंडळी, आज तो या रुग्णालयातला सगळ्यात मोठा गट आहे. तुम्ही हसताय. गेल्या महिन्यापर्यंत मलाही हसू यायचं.

गेल्या महिन्यात एक बाई औषधांची खिडकी कुठे आहे ते विचारायला क्ष-किरण विभागात डोकावल्या. त्यांची परवानगी घेऊनच सांगतोय. खोलीत कोणी नव्हतं. संगणकाचा पडदा उघडा, कारण ते यंत्र ‘माझ्यापुरतं’मधलं. त्यावर त्यांच्याच यजमानांचा अहवाल. डॉक्टर संध्याकाळी दोघांना समोर बसवून, सावकाश, धीर देत सांगणार होते. बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला. उद्यापासून माझ्या खुर्चीत बसणार आहेत त्या आमच्या नव्या बाई तिथे वायर बदलायला गेल्या, तर या बाई भिंत धरून उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, “अहो, मी वाचलंय हे त्यांना कळू देऊ नका.”

ते यंत्र क्ष-किरण विभागप्रमुखांचं; त्यांना मी बोल लावत नाही. त्या दिवसापासून ते उठताना स्वतःच्या हाताने पडदा बंद करतात, मी पाहिलंय. पण बाकीच्यांचं काय?

नव्या बाई तडक माझ्याकडे आल्या. “काका, हा गट राहणार असेल तर मी राहत नाही. असलं पुन्हा बघायची माझी तयारी नाही.” मी म्हटलं, “जरा कळ काढ, पोरी. निरोपाच्या दिवशी म्हाताऱ्याला कोणी नाही म्हणत नाही.”

तेव्हा मला भेटवस्तू नको. हा गट रिकामा करायची परवानगी द्या.

अध्यक्ष महोदय हळूच विचारताहेत, “माझंही यंत्र?” साहेब, माईक चालू आहे. हो, तुमचं आधी.

मान हलवलीत? मागच्यांना दिसलं नसेल. पुन्हा एकदा हलवता का? आभारी आहे. नव्या बाई, बघितलंत ना? मग उद्या वेळेवर या. पहिलं काम तेच.

आयोजकांचे, आणि मला इतकी वर्षं सांभाळून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल तर पोटात घाला. घर तुम्हाला माहीत आहे, केव्हाही या. चहा मिळेल. सवलत मिळणार नाही.