सरळ घरी गेला तो

मेर्ली : ...आणि फादर काय म्हणाले माहितीय? 'पुरिंगची कादंबरी म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा. मेलेला माणूस कुणाच्या मागोमाग घरी येत नसतो.'

पुरिंग : झालं! आता रविवारी चर्चमध्ये तोंड कसं दाखवू?

मेर्ली : अगं मानांग, ताई, पुढे तर ऐक. परवा बेतोच्या मयताला प्रार्थना म्हणून निघाले, ते सरळ घरी गेले का? छे! इथे माझ्या दुकानात, या बाकावर येऊन बसले. अख्खी वाटी बाचोय, नूडल्सचं गरम सूप, ओरपलं. विचारलं, 'फादर, भूक लागली वाटतं?' तर म्हणतात, 'नाही गं, सहज.' सहज म्हणे!

पुरिंग : तू पण ना, फादरनाही सोडत नाहीस.

मेर्ली : का सोडू? तुझं पुस्तक आल्यापासून ला पाझमध्ये मयताहून सरळ घरी जायची कुणाची छाती नाही. मेलेला मागोमाग येऊ नये म्हणून वाटेत थांबायचं, ही पागपाग आपल्या आज्याही करायच्या, पण आता काय धास्ती बसलीय! सगळे आधी इथे थांबणार, खाणार, मेलेल्याला झटकणार, मग घर. मला नूडल्स पुरत नाहीत.

पुरिंग : आणि इंटरनेटवर त्या मनिलाच्या बाईने एकच तारा दिलाय. म्हणते, पानं सुटतात.

मेर्ली : सुटणारच. स्वतःच्या पैशाने, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापलंस तू. पण आतलं? सुसमारियोसेप! तो खुनी सगळ्यांना सांगत फिरतो, बायको घरी तापाने फणफणलीय. आणि शेजाऱ्याच्या मयताहून तडक घरी जातो. तिथे तुझा डिटेक्टिव्ह बेर्ताल काय म्हणतो? 'घरात आजारी बायको असलेला माणूस मेलेल्याला घरापर्यंत घेऊन जाईल का? तो सरळ गेला, म्हणजे घरात जपायला जिवंत कुणी नाहीच.' बघ, बघ, अंगावर काटा आला माझ्या! दिवसभर शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या बाईच्या डोक्यात हे येतं कुठून?

पुरिंग : मशीन चालू असलं की येतं काहीबाही. तू अशी बाहेर काय बघतेस सारखी?

मेर्ली : काही नाही.

पुरिंग : मेर्ली. मघापासून काहीतरी गिळतेयस तू.

मेर्ली : ...तेर्यो यायची वेळ झाली.

पुरिंग : मग येऊ दे की. रोज येतात ते.

मेर्ली : येतो. पण त्याच्या टेबलावर आता कुणी बसत नाही. तो समोरचा खाटीक दोडोंगच सांगत सुटलाय, 'कोन्चिंगच्या दफनानंतर आपण सगळे इथे बाचोय खायला आलो. स्वतःची बायको पुरून एकटा तेर्यो सरळ घरी गेला. का गेला? कोन्चिंग जिन्यावरून पडली म्हणे. कुणी पाहिलं?'

पुरिंग : अगं देवा! अगं ते पुस्तक आहे! मी मनाने रचलंय ते!

मेर्ली : लोकांना कुठे रचलेलं वाटतं? दोडोंगने ते पान तीनदा वाचलं. म्हणतो, बेर्ताल चुकत नाही. आणि खरं सांगू, परवा मीसुद्धा तेर्योपुढे वाटी ठेवली ती लांबूनच.

पुरिंग : तू? त्यांच्या होडीतून गिमारास बेटावर आंबे खायला जाणारी तू? मेर्ली, मी एका भल्या माणसाच्या नावाला काळं फासलं. सगळी पुस्तकं परत आणते. चुलीत घालते.

मेर्ली : हळू बोल. आला बघ.

(तेर्यो दारात उभा. हातात कादंबरी, सुटी पानं गळाच्या दोऱ्याने शिवलेली.)

तेर्यो : कुणी काही चुलीत घालायचं नाही. पुस्तक चांगलंय.

पुरिंग : मानोंग तेर्यो... दादा, बसा ना. मी... मला आत्ता कळलं हो. आईशप्पथ सांगते, तुमचा विचारसुद्धा मनात नव्हता.

तेर्यो : ठाऊक आहे. दोनदा वाचलं मी. पानं सुटली म्हणून शिवून घेतलं.

मेर्ली : रागावला नाहीस?

तेर्यो : दोडोंगवर रागावलो. पुस्तकावर कशाला? एवढा मोठा गडी, अख्ख्या बाजारात कुणाला न घाबरणारा, आणि कागदावरच्या माणसाचं ऐकून माझ्यापासून दूर बसतो! मी तर थक्क झालो, इंदाय, पोरी. काय ताकद आहे तुझ्या लिहिण्यात.

पुरिंग : असली ताकद नको मला.

तेर्यो : सगळ्यांनी मत दिलं म्हणे. माझंही ऐकशील? तुझा तो बेर्ताल एकटाच राहतो ना?

पुरिंग : हो. पण मी तसं कुठे लिहिलेलं नाही. तुम्हाला कसं कळलं?

तेर्यो : त्याला सरळ घरी जायचं एकच कारण सुचलं, त्यावरून.

मेर्ली : म्हणजे? आणखी काय कारण असतं?

तेर्यो : कोन्चिंगचं शेवटी काय झालं होतं, आठवतं?

मेर्ली : विसरायची. मला म्हणायची, तू कुणाची गं?

तेर्यो : घराचा रस्ताही विसरली होती. बाजारापासून सहा घरं पलीकडे आमचं घर, पण कोपऱ्यावर येऊन रडत उभी राहायची. मी हाताला धरून आणायचो. रोज. दफन झालं, तुम्ही सगळे म्हणालात, चल तेर्यो, बाचोय खाऊ, तिला झटकू.

मेर्ली : म्हणालो होतो. रीतच आहे ती.

तेर्यो : मी तिला झटकून टाकलं असतं, तर तिला घरी कुणी आणलं असतं?



मेर्ली : अगं आई गं. आणि आम्ही काय काय बोललो! ए दोडोंग! सुरी ठेव ती. ठेव म्हणते ना! इकडे ये, या टेबलावर बस. हो, याच टेबलावर. आधी मानोंगची माफी माग, मग वाटी मिळेल.

तेर्यो : राहू दे गं. खाऊ दे त्याला.

पुरिंग : मानोंग, बेर्तालला हे ठाऊक हवं होतं. पुढच्या छपाईत त्याला हे सांगू का? तुमचं नाव नाही घालणार.

तेर्यो : सांग. आणि नाव घाल. तिचंही.

पुरिंग : एक विचारू? ती... आली का हो तुमच्या मागोमाग?

तेर्यो : वळून बघायचा धीर झाला नाही. पण फार हळू चाललो, इंदाय. तिला भरभर चालवत नसे.