वरून एक धार

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या उद्यान विभागाचे मुख्य अधिकारी, व्यासपीठावरचे भांडारप्रमुख, आजचे सत्कारमूर्ती आमचे फोरमनकाका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, आणि वर्कशॉपमधल्या व बागेतल्या सहकाऱ्यांनो,

काकांबद्दल चार शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं. मला गुणगान जमत नाही, म्हणून मी तेलाबद्दल बोलणार आहे. काकांना त्यात फारसा फरक वाटणार नाही.

आमच्या वर्कशॉपमध्ये जे कधी आले नाहीत, त्यांच्यासाठी सांगते. गवत कापायची यंत्रं आणि फांद्या कापायच्या करवती टू-स्ट्रोक आहेत. त्यांच्यात इंजिनच्या तेलाला वेगळी जागा नसते. ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आमच्या यंत्रांना लिटरला वीस मिलिलिटर. त्यासाठी खास तेल मिळतं. मी रुजू झाले तेव्हा काका मोटारीसाठी आणलेलं तेलच यात वापरत होते. मी योग्य तेलाचा डबा आणून ठेवला, तर त्यांनी तो हुंगला आणि विचारलं, "अत्तर आहे का, पोरी?"

मापाचं तर विचारूच नका. काकांचा हात हेच माप. वर त्यांचं एक ठाम मत: तेलाला हात आखडला, की इंजिन डोळ्यांत पाणी आणतं. म्हणून ठरलेलं तेल घातल्यावर वरून एक धार. मग भांडारातला कारकून कॅन देताना मायेनं आणखी एक धार घालायचा. आणि बागेत पोहोचल्यावर माळीदादा, काका विसरले असतील तर, या काळजीनं तिसरी. एवढ्या लाडानं कुणाचं भलं झालंय? यंत्रं धूर ओकायची, प्लग काळे पडायचे, आणि काका धुराकडे बघत म्हणायचे, तेल कमी पडतंय. काकू हसताहेत. घरी मिठाचंही असंच असावं.

शेवटी मी एक नियम घालून दिला. ज्यानं तेल मिसळलं, त्यानं कॅनच्या मुठीला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली, की दुसऱ्या कुणी तेलाला हात लावायचा नाही. काका बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग स्वतःच चिंध्या फाडून आणू लागले.

धूर थांबला. मग वादळ झालं, मोठं झाड रस्त्यावर आडवं पडलं, आणि नवी कोरी करवत काही मिनिटांत जागच्या जागी अडकली. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. कॅनला चिंधी होती, आत मात्र नुसतं पेट्रोल.

चौकशी बसली. मी तेव्हा नोकरीत कायम नव्हते. ही चिंधीची पद्धत कुणाची, असा सरळ प्रश्न आला. माझी, असं सरळ उत्तर दिलं. पूर्वी निदान तीन धारा तरी पडायच्या, असं कुणीतरी पुटपुटलं, आणि ते खोटं नव्हतं. माझी नोकरी त्या टेबलावरच संपणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. तेवढ्यात, कुणी विचारलं नसताना, काका उठले.

"चिंधी मी बांधली. तेल घालायचं राहिलं. फोन आला, बोलत बसलो. पोरीची पद्धत बरोबर आहे, माझं लक्ष नव्हतं."

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "आता तरी वरून एक धार घालू देशील?" मी नाही म्हटलं.

मला कायम करण्यात आलं. काकांना निवृत्तीच्या वयानंतर मिळणारी वर्षभराची मुदतवाढ मात्र थांबली. म्हणजे आजचा समारंभ खरं तर पुढच्या वर्षी व्हायचा होता. अध्यक्ष महोदय, झालं ते नियमानुसार झालं. माझी तक्रार नाही. मला हे माहीतही नव्हतं. आजचं निमंत्रण द्यायला घरी गेले, तेव्हा काकूंनी सांगितलं. काका लगेच कुकरच्या शिट्टीबद्दल बोलू लागले.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलताना कुणाला काही लागलं असेल, तर पोटात घालावं.

आणि काका, तुमचे आभार मी आजवर मानले नव्हते. मुद्दाम सगळ्यांसमोर मानते आहे. इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.