गळ्यावरचं हिरवं पान

मंडळी, चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी तंबोऱ्याशिवाय कीर्तनाला उभी आहे. का, ते माझ्या लेकाला विचारा. तो बघा — देवळाचा पंच रंगराव, देवासमोर खांबाला टेकून बसलाय. मी शिकवलं नव्हतं हो असलं बसणं. महिन्यापूर्वी यानं यमुना गुरविणीला सेवेतून काढलं. म्हणे, झाडताना तिच्या हातून तंबोरा पडला. पिढ्यांची सेवा एका सकाळी संपली. तंबोरा काल दुरुस्त होऊन आला, चकचकीत. पण मी त्याला हात लावणार नाही.

खोटं बोलणारा पापी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण खरं ठाऊक असून गप्प बसतो, त्याला काय म्हणायचं? बोला की. नाही? मग ऐका.

मिरजेत दस्तगीर म्हणून कारागीर होता. तंबोरे करायचा. त्याला भोपळा लागतो कडू — गोड्याला कीड लागते, कडव्याच्या वाट्याला कोणी जात नाही. माझ्याही जात नाही, ते त्यामुळंच. तीन उन्हाळे भोपळा माळ्यावर वाळवायचा, मग कापायचा. भोपळा नि लाकडी दांडी जिथं जुळते, तो गळा. त्या सांध्यावर लाकडाची कोरीव पानं बसवायची. शोभेला.

एक दिवस एक सरदार फुटका तंबोरा घेऊन आला. मागं नोकर हरबा.

"यानं पाडला," सरदार म्हणाला. "ह्याची पाठ फोडली. तू तंबोरा जोड."

दस्तगीरनं भोपळ्याच्या बुडावरून बोट फिरवलं. शाबूत. गळ्याशी नख जाईल एवढी फट.

"सरकार, उन्हात होता का?"

"जत्रेला नेला होता, गाडीत. का रे?"

"तारा उतरवल्या होत्या?"

"त्या उतरवायच्या असतात होय?"

मंडळी, पडलेला भोपळा बुडाशी फुटतो. तारा ताणून उन्हात ठेवला तर गळ्याशी उघडतो. दस्तगीरला कळलं. हरबा दाराशी उभा होता — भिंतीला पाठ टेकवता येत नव्हती त्याला. त्यानं दस्तगीरकडे पाहिलं. एक वाक्य हवं होतं, एकच.

"जोडतो, सरकार," दस्तगीर म्हणाला.

फट सरसानं बुजवली, वर एक पान जास्तीचं चढवलं. तुम्हाला वाटेल, मग तंबोरा बेसूर वाजला असेल. कशाला? गोड वाजला. सरदार मान डोलवत बसला. हरबाला हाकललं, तो कुठं गेला कुणाला ठाऊक नाही. देव दर गोष्टीत धावून येत नाही. काही कामं त्यानं माणसांवर सोडलीत.

पण दस्तगीरला ते पान गिळवेना. पुढं त्यानं नेम केला — गळ्याच्या मागचा सांधा उघडा ठेवायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "मियाँ, इथं पान राहिलं." तो म्हणायचा, "राहू दे. इथं एकदा मी झाकलं होतं."

आपल्या देवळाचा तंबोरा त्याच्या नातवाच्या हातचा. सांधा उघडाच. त्यावर बोट ठेवून सासूबाईंनी मला ही गोष्ट सांगितली. काल बघते तर तिथं पान. नवं, हिरवंगार रंगवलेलं. मी सुरीनं उचकटलं. बूड शाबूत, गळा फाटलेला.

का हसता? चैत्रात फोटो काढायला म्हणून तंबोरा कुणाच्या गाडीत दिवसभर तापत होता, ते काचेतून तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. मीही पाहिलं. मनात आलं, ते दाबलं — पोटचा म्हणून. महिनाभर यमुना माझ्या दारावरून खाली मान घालून गेली. मघाच्या प्रश्नाचं उत्तर मी आहे, आणि तुम्ही.

रंगू, ऊठ. खांब सोड. यमुनाच्या दारात जा, नि गावादेखत सांग, तारा ताणून उन्हात ठेवणारा मी. तिला घेऊन ये, मग आरती. तोवर माझ्या उंबऱ्यात पाऊल टाकू नकोस. मी तुझी आई आहे रे, तुझ्या फटीवर बसवायचं पान नाही.