हलाल न्हाय, बकरं हाय

संस्थानात महाराजांचं राज्य व्हतं, त्या येळची गोष्ट हाय ही. मी तवा टांगा हाकायचो. हैदराबादचे एक खाँसाहेब पन्हाळा बघायला आलते, त्यांना कुठं जागा मिळंना म्हणून घरीच आणलं.

आईनं मटण केलं. खाँसाहेबांनी हळूच इचारलं, "माँजी, हलाल है?"

त्यो शब्द ना आईला ठावा, ना मला. आई म्हणाली, "न्हाय, बकरं हाय."

त्यांनी वाटी सरकवली आन् कोरडी भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी परत तेच इचारलं. आई म्हणाली, "न्हाय की, कोंबडी हाय."

परत कोरडी भाकरी.

तिसऱ्या दिवशी ते निघाले, तर आई दारात आडवी. "उपाशी पावणा माझ्या घरातनं जायाचा न्हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "जा, मुलाण्याला बोलव. दुसरा कोंबडा काप म्हणावं."

खाँसाहेब थबकले. "कोंबडा मुसलमान काटता है?"

"मग कोण? मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हटल्याबिगर आमच्यात कोण खातंय?"

खाँसाहेबांनी पिशवी खाली ठेवली आन् दोन दिवसांचा रस्सा एका बैठकीत ओरपला.

आई वाढता वाढता मला म्हणाली, "बघ, पावणं आपल्यातलंच निघालं की."