सासऱ्यांचे हात

अगं, ऐक तर! रोपवाटिकेच्या रांगेत माझ्यापुढे एक सून आणि तिचे सासरे.

"बाबा, शेती बंद करून तिथे जंगल लावायचं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं."

"मग करंज, बेहडा, सगळी रोपं का उपटलीत?"

"हात ऐकत नाहीत गं. जन्मभर निंदणी केली. ओळीबाहेर काही उगवलेलं बघवत नाही."

"आता तीच परत घ्यायला आलोय!"

"या वेळी ओळीत लाव."

"जंगल ओळीत नसतं, बाबा!"

"मग मला घरात कोंड."

"कोंडलं होतं. कुंडीतला गवती चहा गेला!"

तेवढ्यात सासरे मागे वळले, माझ्या पिशवीतलं रोप त्यांनी मुळासकट उपटलं, आणि माती झटकून मलाच म्हणाले, "तण होतं, बाळ."

तू काय केलं असतंस?