डब्लिनमध्ये एकोणतीसचा पाढा

तुम्ही विचारता ना, एवढ्या लांब राहून मला अजून कुणाची भीती वाटते? आमच्या गुरुजींची! गुंजवण्याच्या शाळेतनं रिटायर होऊन ते आता नसरापुरात असतात. परवा सुनेनं त्यांना व्हिडिओ कॉल शिकवला. त्यांनी पहिला लावला तो मला, तोही मी इकडं डब्लिनच्या ऑफिसात असताना.

"काय रं, तिकडं हिशेब कोण करतं?"

"कॉम्प्युटर करतो, गुरुजी."

"व्हय? मग एकोणतीसचा पाढा म्हण बघू."

मोबाईल टेबलावर टेकवून मी आपोआप उभा राहिलो. वय बेचाळीस, हाताखाली आठ माणसं, आणि 'एकोणतीस साती'पाशी गाडी अडकली.

"कान धर."

धरले की! तेवढ्यात आमच्या आयरिश मॅनेजरबाई आल्या. त्यांना वाटलं, माझे कान दुखतायत. खरं काय ते सांगितल्यावर त्या हसतच सुटल्या आणि मोबाईलसमोर येऊन त्यांनी गुरुजींना हात जोडले. गुरुजी मात्र गंभीर.

"बाई, पोरगं हुशार हाय, पर मागं बसलं की लई गप्पा मारतं. त्याला पुढं बसवा."

"काय म्हणाले?" बाईंनी मला विचारलं.

गुरुजी माझ्याकडं बघत होते. त्यांच्यासमोर खोटं कसं बोलणार? जसंच्या तसं सांगून टाकलं.

सोमवारी ऑफिसात गेलो, तर कोपऱ्यातलं माझं टेबल गायब! शोधत गेलो, तर ते बाईंच्या केबिनच्या दारासमोर, पहिल्या ओळीत!